सायकल गेली, मग नोकरीही

शनिवारी रात्री 'बायसिकल थीव्हज' (१९४८) पुन्हा पाहिला. गोष्ट एवढीशीच. युद्धानंतरचं रोम, सगळीकडे बेकारी. अंतोनियोला भिंतींवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं, पण अट एकच: स्वतःची सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून ती सोडवून आणते, आणि पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते.

अमेरिकन निर्माता डेव्हिड सेल्झनिक पैसे घालायला तयार होता, पण त्याला हीरो म्हणून कॅरी ग्रँट हवा होता. दिग्दर्शक दे सिकाने चक्क नाही म्हटलं आणि लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यातल्या खऱ्या कामगाराला उभं केलं. त्याची चाल बघा, अभिनय वाटतच नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. शूटिंग संपवून माज्जोरानी कामावर परतला आणि कामगारकपातीत त्याची नोकरी गेली. सिनेमाला १९५० साली ऑस्करचं खास पारितोषिक मिळालं. हा मात्र किरकोळ भूमिका आणि मिळेल ते काम शोधत राहिला.

१९५२ साली हा सिनेमा मुंबईच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. त्याच्या प्रभावातून बिमल रॉय यांनी 'दो बिघा जमीन' (१९५३) केला. पण रिक्षा ओढायला घेतले बलराज साहनी, इंग्रजीतले एम.ए.! मला ही तडजोड वाटायची. आता तसं वाटत नाही. साहनींना निदान पुढचा सिनेमा होता. माज्जोरानीला जुनं कामही उरलं नाही.