ई२० पेट्रोलने जुनी मोटरसायकल खराब होते का?

वाशी तालुक्यात अजून कितीतरी घरांत दहा-पंधरा वर्षांची मोटरसायकलच दूध, खत आणि दवाखाना सांभाळते. माझी गाडीही २०११ची, कार्बोरेटरवाली. त्यामुळे वरचा प्रश्न मला सारखा विचारला जातो. थोडक्यात उत्तर असं: रोज धावणाऱ्या गाडीला त्रास कमी, उभ्या गाडीला जास्त.

ई२० म्हणजे काय?
८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. हे इथेनॉल ऊस, मका आणि तांदळापासून बनतं. देशात ई२०ची विक्री फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाली आणि २०२५पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचलं. साध्या पंपावर आता दुसरा पर्याय फारसा उरलेला नाही.

मायलेज किती घटतं?
एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात अशा जुन्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घटीचा अंदाज आहे. म्हणजे ५०चं मायलेज ४८च्या आसपास येतं.

बिघाड कुठे होतो?
१. रबर: जुनी पेट्रोलची नळी आणि ओ-रिंगा फुगतात, त्यांना तडे जातात. मग पेट्रोल गळतं.
२. पाणी: इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं. टाकी आतून गंजते. गाडी रिझर्व्हला लावली की हेच तळाचं पाणी आधी कार्बोरेटरमध्ये उतरतं.
३. मिश्रण: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. म्हणून सकाळी चोक जास्त लागतो, गाडी मिसिंग करते.

मी काय करतो?
- पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो. अर्ध्या टाकीत दमट हवा जास्त शिरते.
- कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो. कार्बोरेटर बराचसा रिकामा होतो, जेट चिकटत नाही.
- गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघतो. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करायची. हे काम उघड्यावर, बिडी-काडीपासून लांब करा.
- नळी बदलताना दुकानात ‘ई२०ला चालणारी’ असं सांगूनच मागतो.
- प्लग पांढरट दिसला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत असू शकतं. मिस्त्रीकडून कार्बोरेटर सेट करून घेतो.

एप्रिल २०२३नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग साधारणपणे ई२०ला चालणारे असतात. त्याआधीची गाडी असेल तर आधी नळी तपासा. पेट्रोलचा वास येत असेल तर उद्यावर ढकलू नका.