दिव्य आणि न्याय

एखादे कठीण कार्य तडीस गेले म्हणजे ‘मोठे दिव्य केले’ असे आपण सहज म्हणतो. या शब्दामागे एके काळी खरोखरीची कढई व उकळते तेल होते, याचे स्मरण मात्र क्वचितच राहते.

याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष व कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. तथापि लेख, भोगवटा व साक्षी यांपैकी एकही प्रमाण नसेल तरच दिव्य करावे, अशी मर्यादाही तीत आहे. मराठेशाहीत वतनाचा तंटा कागदांनी वा साक्षीने सुटेना, म्हणजे गोतसभेसमोर रवादिव्य होई. दिव्य करणाराचे हात धुऊन व नखे काढून पूर्वीचे व्रण पाहून ठेवीत. मग त्याने कढत तेलातुपातून धातूचा रवा काढावयाचा. हातास पिशवी बांधून तिजवर मोहर करीत आणि तिसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष ती सोडीत. नवा फोड दिसला की तो खोटा ठरे.

ही रीत केवळ आपलीच नव्हे. युरोपातही तप्त लोहाचे दिव्य चाले. १२१५ साली रोमच्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना त्यात भाग घेण्यास मनाई केली. लोकांची श्रद्धा प्रामाणिक असेल. परंतु सत्याचा शोध घेण्याचा भार सभेने उचलावयाचा, तो येथे एकट्या माणसाच्या कातडीवर पडे.

दिव्ये गेली, तरी हा अन्याय संपला नाही. मॉरिशसमध्ये करार पुरा केलेल्या आपल्या पूर्वजांनाही १८६७ च्या कायद्याने छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटक्या म्हणून अटक होई. आरोप सरकारचा, आणि निर्दोषपण सिद्ध करावयाचे ते मजुराने! अखेर १८७१ मध्ये अडॉल्फ दे प्लेविट्झ यांच्या साह्याने नऊ हजारांहून अधिक मजुरांनी तक्रारअर्ज केला आणि पुढच्याच वर्षी चौकशीसाठी राजकीय आयोग नेमला गेला.

स्मृतिकारांनी प्रमाणांत लेखाला पहिले स्थान दिले, ते किती योग्य होते! त्या काळची मजुरांची नोंदपुस्तके मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. आज आपण ज्या करामात एकत्र जमतो, त्या नावाचा अरबी अर्थ ‘प्रतिष्ठा’ असा आहे. पूर्वजांची प्रतिष्ठा राखावयाची तर घरोघरचे जुने कागद आपण जपले पाहिजेत आणि मुलांना ते वाचावयास शिकविले पाहिजे.