काशीची व्याकरणशाळा आणि न घडलेली क्रिया

संस्कृत क्रियापदाच्या दहा लकारांत, म्हणजे काळ आणि अर्थ दाखवणाऱ्या रूपमालांत, लृङ् सर्वांत शेवटी येतो, आणि त्याचा विषयही तसाच कडेचा आहे. जी क्रिया घडली असती पण घडली नाही, ती सांगण्यासाठी तो वापरतात. मराठीत आपण ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ असे सहज बोलून जातो. फ्रेंच शिकणाऱ्याला हेच बोलण्यासाठी एक स्वतंत्र रूपमाला घोकावी लागते. तिची घडण पाहण्यासारखी आहे. भविष्यकाळाचे अंग घ्यायचे, त्याला अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय लावायचे, आणि असे तयार झालेले ‘ओरे’ हे साहाय्यक रूप भूतकृदंताच्या आधी ठेवायचे. संस्कृताने हेच काम एका शब्दात उरकले. ‘भविष्यति’मधले भविष्यकाळाचे ‘स्य’ घेतले, ‘अभवत्’मधला भूतकाळाचा आगम ‘अ’ आणि आखूड प्रत्यय घेतला, आणि ‘अभविष्यत्’ झाले. एकमेकींशी दूरचे नाते असलेल्या या दोन भाषा वेगवेगळ्या काळी एकाच तोडग्यावर आल्या, की भूतकाळात उभे राहून पाहिलेले भविष्य म्हणजेच न घडलेली गोष्ट. फरक एवढाच की फ्रेंच माणूस हे रूप रोज वापरतो, आणि संस्कृतात ते जवळजवळ वापरलेच गेले नाही. 1879 साली आपले संस्कृत व्याकरण प्रसिद्ध करणारे अमेरिकन पंडित व्हिटनी यांनी त्याला संस्कृत क्रियापदाचे सर्वांत विरळ रूप म्हटले. त्यांच्या मोजणीप्रमाणे ऋग्वेदात ते एकदाच येते, मनुस्मृतीत एकदा, शाकुंतलात दोनदा, भगवद्गीतेत एकदाही नाही, आणि एवढ्या अफाट महाभारतात पंचवीसेक वेळा. एकटे शतपथ ब्राह्मण काय ते पन्नासाच्या वर जाते.

मग काशीच्या पाठशाळांनी हे रूप शतकानुशतके, धातूमागून धातू, इतर लकारांच्या बरोबरीने का शिकवले? याचे सोपे उत्तर असे देतात की पंडितांना पाठांतराची सवय होती, जे पुस्तकात आले ते त्यांनी घोकून घेतले. मला हे उत्तर पटत नाही. काशीच्या व्याकरणपरंपरेचा सगळा युक्तिवादच ‘असे नसते तर’ या विचारावर उभा आहे, आणि लृङ्‌ला तिथे जी जागा मिळाली ती त्या विचाराला शोभणारी आहे, असे माझे म्हणणे आहे.

ही परंपरा ज्यांनी उभी केली त्यांत मराठी घराण्यांचा वाटा मोठा होता. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीत येऊन स्थायिक झाले. 1513 साली जन्मलेले नारायणभट्ट हे त्यांचे चिरंजीव, आणि 1674 साली शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच कुळातले. व्याकरणात दक्षिणेतून आलेल्या शेष घराण्याचा दबदबा होता. त्यातल्या शेष कृष्णांचे शिष्य भट्टोजी दीक्षित यांनी ‘सिद्धान्तकौमुदी’ लिहिली आणि पाणिनीची सूत्रे रूपसिद्धीच्या क्रमाने लावून दिली. भट्टोजींचे नातू हरि दीक्षित, आणि हरि दीक्षितांचे शिष्य नागेशभट्ट. शिवभट्ट आणि सतीदेवी यांचा हा मुलगा, आडनाव काळे. शृंगवेरपूरच्या राजा रामाचा त्याला आश्रय होता. सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्याचा पूर्वार्ध या काळात काशीत बसून नागेशाने जे लिहिले, त्यावर वैयाकरणांच्या पुढच्या पिढ्या वाढल्या. त्याचा शिष्य वैद्यनाथ पायगुंडे हाही मराठीच. 1791 साली जोनाथन डंकन यांच्या पुढाकाराने सरकारी संस्कृत पाठशाळा निघाली. तिथे एकोणिसाव्या शतकात बाळशास्त्री रानड्यांसारखे अध्यापक शिकवत होते. राजारामशास्त्री आणि बाळशास्त्री यांनी त्या शतकाच्या आठव्या दशकात पतंजलीचे महाभाष्य काशीतच छापून काढले.

काशीच्या या व्याकरणशाळेत लृङ् शिकवायचा तो ‘भू’ धातूवर, कौमुदीत लुङ् हा भूतकाळाचा लकार संपल्यावर. विद्यार्थी पाटीवर ‘भू’ लिहितो आणि त्यापुढे लृङ्‌च्या जागी ‘ति’ आणतो. मध्ये ‘स्य’ येतो, त्याला ‘इ’ हा आगम लागतो. ‘भू’चा गुण होऊन ‘भो’ होतो, पुढे स्वर असल्याने ‘भव्’ होतो. ‘ति’मधला इकार गळतो, ‘स’चा ‘ष’ होतो, सुरुवातीला ‘अ’ जोडला जातो. प्रत्येक पावलाला सूत्र म्हणावे लागते. पण यातले एकही पाऊल त्याला नवे नसते. ‘स्य’ आणि ‘इ’ त्याने भविष्यकाळाच्या लृट्‌मध्ये पाहिलेले असतात, ‘अ’ आणि इकाराचा लोप भूतकाळाच्या लङ्‌मध्ये. नवे असते ते एकच सूत्र, तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातले एकशे एकोणचाळिसावे, जे लृङ्‌चा अर्थ सांगते. विरळ रूपाचे ओझे मुलांवर लादले असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. दोन लकार नीट आले की तिसऱ्याच्या रूपांसाठी वेगळी मेहनत फारशी उरत नाही.

खरी मेहनत होती ती अर्थासाठी, आणि तिथे परंपरेने कसूर केली नाही. पाणिनीचे ते सूत्र सांगते की जिथे कार्यकारणाचा संबंध दाखवायचा असतो, पण क्रिया तडीला जात नाही असे कळते, तिथे लृङ् यावा. आधी हे भविष्यकाळासाठी सांगितले आहे. भूतकाळासाठी लगेच पुढे वेगळे सूत्र केले आहे. म्हणजे फ्रेंच रूपमालेप्रमाणे हे रूप भूतकाळापुरते अडकलेले नाही. पाणिनीच्या सूत्रांवरच्या काशिकावृत्तीत, म्हणजे सातव्या शतकाच्या सुमारास, यावर एक उदाहरण येते. कमलक नावाच्या माणसाला बोलावतील तर गाडा उलटणार नाही, असे कोणी तरी म्हणतो. गाडा अजून उलटलेला नाही. पण बोलणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक आहेत. कमलक आला की गाडा सावरतो, ही एक. आणि त्याला कोणी बोलावणार नाही, ही दुसरी. वृत्तिकार सांगतात की पहिली गोष्ट कार्यकारणाच्या ज्ञानातून येते, दुसरी दुसऱ्या एखाद्या प्रमाणावरून कळलेली असते, आणि दोन्ही हाताशी असतील तेव्हाच वक्ता लृङ् वापरतो. एका क्रियारूपाच्या मुळाशी दोन वेगवेगळी ज्ञाने आहेत हे इतक्या स्वच्छपणे वेगळे काढून दाखवणे, ही घोकंपट्टी करणाऱ्याची रीत नव्हे.

आता नागेशाकडे येऊ. त्याच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथाचे काम म्हणजे पाणिनीने शब्दांत न सांगितलेले, पण त्याच्या सूत्रांवरून मानावे लागणारे नियम, म्हणजे परिभाषा, पक्के करणे. त्याचे मोठे साधन म्हणजे ज्ञापक, सूत्रांतली अशी खूण जिच्यावरून न सांगितलेला नियम ओळखता येतो. पहिल्याच परिभाषेचे उदाहरण घ्या. वर्णांची मांडणी करणाऱ्या माहेश्वर सूत्रांत ‘अइउण्’च्या शेवटी ‘ण्’ आहे आणि ‘लण्’च्या शेवटीही ‘ण्’च आहे. त्यामुळे ‘अण्’ म्हटल्यावर कुठवरचे वर्ण घ्यायचे, असा घोळ होतो. पतंजली विचारतो, आचार्यांना अक्षरे कमी पडली होती का, म्हणून तेच पुन्हा वापरले? संदेह असला तर नियम सोडून द्यायचा, असे पाणिनीला वाटत असते तर त्याने दुसरे कुठलेही अक्षर घातले असते. तसे त्याने केले नाही. तेव्हा संदेह आला तर परंपरेने केलेल्या व्याख्यानावरून निर्णय करायचा, हा नियम त्याला मान्य होता. युक्तिवादाचा सांगाडा पाहा. असे नसते तर त्याने तसे केले असते, त्याने तसे केले नाही, म्हणून असे आहे. परिभाषेमागून परिभाषा हाच साचा येतो. न झालेल्या कृतीवरून झालेल्या अभिप्रायाकडे जाणे हे काशीच्या वैयाकरणाचे रोजचे काम होते.

यावर एक जोरकस आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. पंडितांना हा विचार इतका प्रिय होता तर त्यांनी स्वतः लिहिताना लृङ्‌चा आश्रय इतका कमी का घेतला? नैयायिकांचा तर्क म्हणजे ‘आग नसती तर धूरही नसता’ हे प्रसिद्ध वाक्य, आणि तेही शास्त्रग्रंथांत बहुधा विध्यर्थाच्या लिङ्‌च्या ‘स्यात्’ने सांगितलेले असते. आक्षेप खरा आहे, पण त्याच्यातच उत्तर आहे. तर्कात पुढच्या माणसाचे म्हणणे क्षणभर मानून त्याचा परिणाम दाखवायचा असतो. ते खोटे आहे हे अजून सिद्ध व्हायचे असते, त्यामुळे ‘ते झालेच नाही’ असा निवाडा ज्यात गुंतला आहे ते रूप तिथे घाईचे ठरते. लिङ् प्रश्न उघडा ठेवतो, लृङ् तो बंद करतो. हा भेद पंडितांना ठाऊक होता म्हणूनच ते ‘स्यात्’ म्हणत. वादी जिथे स्वतःच मानून घेतलेल्या गोष्टीला लृङ्‌ लावील, तिथे त्याने साध्य आधीच गृहीत धरले असे प्रतिपक्ष म्हणेल.

दुसरा आक्षेप व्हिटनींचा. 1884 साली एका लेखात त्यांनी म्हटले की भारतीय व्याकरणाचा अभ्यास आणि संस्कृतचा अभ्यास या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धातुपाठातल्या सुमारे दोन हजार धातूंपैकी अर्ध्याहून अधिक वाङ्मयात सापडतच नाहीत. भाषेचा इतिहास लिहिणाऱ्याला ही मोजणी लागतेच, आणि त्यांनी ती केली हे उपकारच. पण किती वेळा आले यावरून का ठेवले हे कळत नाही. शतपथ ब्राह्मणात एखादा विधी असाच का, हे सांगताना ‘तसे केले असते तर अमुक झाले असते’ असा युक्तिवाद येतो. त्या ग्रंथाने पन्नासाच्या वर वेळा हे रूप वापरले ते या गरजेतून, असे मला वाटते. कथा सांगणाऱ्याला ते क्वचित लागते. नियमाचे कारण शोधणाऱ्याला पदोपदी लागते, मग तो ते लृङ्‌ने मांडो की ‘स्यात्’ने. काशीची शाळा दुसऱ्या प्रकारच्या लोकांची होती. नागपंचमीला जैतपुऱ्यातल्या नागकूपावर विद्यार्थी जमून शास्त्रार्थ करत, पतंजली हा शेषाचा अवतार या श्रद्धेपोटी. तिथे प्रतिपक्षाला अडवायचे हत्यार हेच होते, की तुझे म्हणणे खरे असते तर हे सूत्र व्यर्थ झाले असते.

आज शाळेतले संस्कृत बहुतेक ठिकाणी पाच लकारांवर भागते आणि लृङ् त्यांत नसतो. दुर्मीळ रूप म्हणून तो वगळला जातो. मुलाला परीक्षेपुरते वाचायचे असेल तर हे चालेल. पण ज्याला काशिका, महाभाष्य किंवा नागेश वाचायचा आहे, त्याला लृङ् उशिरा शिकवू नये. ‘भविष्यति’ आणि ‘अभवत्’ आले की त्याच आठवड्यात ‘अभविष्यत्’ शिकवावे, आणि त्याच्याबरोबर ‘लण्’चे ते ज्ञापकही समजावून द्यावे. शिक्षकांनी हा क्रम एकदा करून पाहावा.