हिरड्या, लिंबू आणि चुकलेले कारण

'क जीवनसत्त्व मिळाले नाही तर हिरड्यांतून रक्त येते' हे वाक्य आपण वर्गात सहज सांगतो. ते कळायला किती गोंधळ झाला, हे मात्र सांगायचे राहून जाते.

मे १७४७. 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या हिरड्या सडू लागल्या होत्या. नौकेवरचा शल्यवैद्य जेम्स लिंड याने त्यांच्या सहा जोड्या केल्या. जेवण सर्वांना सारखेच. औषध मात्र वेगवेगळे. एका जोडीला रोज दोन संत्री व एक लेमन, म्हणजे जाड सालीचे पिवळे लिंबू. इतरांना सायडर, व्हिनेगर, सौम्य सल्फ्युरिक आम्ल, समुद्राचे पाणी आणि लसूण-मोहरीचे चाटण. सहा दिवसांत फळे संपली, पण तोवर त्या जोडीतला एकजण कामावर जाण्याजोगा झाला होता!

आंबटपणा हेच औषध असते, तर सल्फ्युरिक आम्लानेही गुण यायला हवा होता. लिंडच्याच प्रयोगात हे उत्तर होते, पण ते कोणी वाचले नाही. खुद्द लिंडने रस आटवून साठवण्याची कृती सुचवली. त्या आटवण्यात औषधच नाहीसे होत होते.

ब्रिटिश आरमाराने १७९५मध्ये लेमनचा रस सुरू केला आणि स्कर्व्ही हटला. १८६०च्या दशकात मात्र वेस्ट इंडीजमधील लाईम आले. हे आपल्या कागदी लिंबासारखे फळ अधिक आंबट, म्हणून अधिक गुणकारी, असा समज होता. प्रत्यक्षात त्यात क जीवनसत्त्व कमी, आणि साठवणीत हवा व तांबे यांच्या संपर्काने उरलेलेही घटे. १८७५च्या नेअर्स यांच्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा उद्भवला. (बर्फावर गेलेल्या तुकड्यांनी रस फारसा सोबत नेला नव्हता, हेही खरे.) लाईमचा दुबळेपणा हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवला. सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८मध्ये वेगळे केलेले द्रव्य म्हणजेच क जीवनसत्त्व, हे १९३२मध्ये सिद्ध झाले.

हे द्रव्य इलेक्ट्रॉन सहज देते, म्हणून त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. कोलॅजेन पक्के करणाऱ्या विकरातील लोह त्यामुळे फेरस अवस्थेत राहते. हिरड्यांतले कोलॅजेन झपाट्याने बदलत असते, म्हणून उणीव तिथे ठळक दिसते. हीच देण्याची तयारी तांब्याच्या सान्निध्यात, हवेत, त्या द्रव्याचा नाश करते.

वर्गात हे पाहता येईल. पेजेच्या पाण्यात आयोडिनचा एक थेंब टाकून निळा रंग आणावा. तो नाहीसा व्हायला ताज्या लिंबूरसाचे किती थेंब लागतात ते मोजावे. मग तांब्याची तार घालून रात्रभर उघडा ठेवलेला रस घ्यावा आणि थेंब पुन्हा मोजावेत.