हॉवर्ड केंडल : मैदानाबाहेर ठरलेला निकाल

फुटबॉलच्या मॅनेजरचं मोजमाप आपण त्यानं जिंकलेल्या चषकांवरून करतो. हॉवर्ड केंडल यांच्या बाबतीत हे मोजमाप अपुरं पडतं. ते का, एवढंच आज पाहायचं आहे.

केंडल मूळचे मधल्या फळीतले खेळाडू. १९६४ साली प्रेस्टनकडून एफए कपचा अंतिम सामना खेळले, तेव्हा त्यांना अठरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. १९६७ मध्ये ते लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबात आले. ॲलन बॉल, कॉलिन हार्वी आणि केंडल या त्रिकुटाच्या जोरावर एव्हर्टननं १९७० मध्ये लीग जिंकली. इंग्लंडच्या मुख्य संघातून मात्र केंडलना एकदाही खेळायला मिळालं नाही.

१९७९ मध्ये ते ब्लॅकबर्नचे खेळाडू-मॅनेजर झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी संघाला तिसऱ्या विभागातून दुसऱ्यात नेलं. १९८१ मध्ये एव्हर्टननं त्यांना मॅनेजर म्हणून परत बोलावलं. १९८३ संपता संपता परिस्थिती अशी, की गोल होईनात, प्रेक्षक येईनात, आणि जे येत ते ‘केंडलना काढा’ म्हणत. अध्यक्ष फिलिप कार्टर यांनी त्यांना काढलं नाही.

जानेवारी १९८४. लीग कपमध्ये ऑक्सफर्डविरुद्ध एव्हर्टन एका गोलनं मागे. प्रतिस्पर्ध्यानं आपल्याच गोलरक्षकाकडे दिलेला पास तोकडा पडला, एड्रियन हीथनं तो पकडून बरोबरी साधली. या गोलनं नशीब फिरलं, असं सांगतात. पण पीटर रीड एक वर्ष आधीच संघात आला होता. हार्वी मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले होते. पेरणी झालेली होती, पाऊस तेव्हा पडला, इतकंच.

त्याच मे महिन्यात एव्हर्टननं एफए कप जिंकला. १९८५ मध्ये लीग जिंकली आणि रॉटरडॅमला रॅपिड व्हिएन्नाला ३-१ हरवून युरोपातला कप विनर्स कपही मिळवला. पुढची पायरी युरोपियन कपची, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगची.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २९ मे रोजी, ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या सामन्याआधी गर्दीत चेंगरून ३९ माणसं मेली. इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. ती १९९० पर्यंत टिकली. त्या मृत्यूंपुढे हुकलेला चषक क्षुल्लक, हे आधीच सांगायला हवं. तरी सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं झालं. दोष शेजारच्या क्लबाच्या पाठीराख्यांचा, दार बंद झालं एव्हर्टनलाही. १९८७ मध्ये केंडलनी पुन्हा लीग जिंकली. युरोपियन कप तेव्हाही बंदच होता. त्याच वर्षी ते स्पेनमधल्या अ‍ॅथलेटिक बिलबाओला गेले.

पुढे ते एव्हर्टनला दोनदा परतले. १९९८ मध्ये तर निव्वळ गोलफरकानं संघ खालच्या विभागात जाण्यापासून वाचला. २०१५ मध्ये ते वारले. १९८७ नंतर एव्हर्टननं लीग पुन्हा जिंकलेली नाही.

म्हणून केंडलचे चषक मोजताना दोन गोष्टी त्या हिशोबात धराव्या लागतात : एका अध्यक्षानं राखलेला धीर, आणि एका संध्याकाळी दुसऱ्याच देशात घडलेला अनर्थ. दोन्ही मैदानाबाहेरच्या. पहिलीमुळे त्यांचा संघ उभा राहिला. दुसरीमुळे तो किती मोठा होता, हे कुणालाच कधी कळलं नाही.