बोली लागली, पैसे कुठायत?

कॉलेजात असताना मी कॅमेऱ्याची जुनी लेन्स ऑनलाइन लिलावात विकली. बोली जिंकणारा ११ दिवस ‘उद्या पाठवतो’ म्हणत राहिला, आणि इकडे माझी मेसची थकबाकी!

हे दुखणं जुनंच. १९९५ मध्ये पिएर ओमिडियारनं ऑक्शनवेब, म्हणजे पुढचं ईबे, सुरू केलं. पहिला विकला गेला बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. तेव्हा चेक, मनीऑर्डर टपालानं यायची. तोवर विक्रेता वस्तू धरून बसायचा. मग भांडणं. १९९६ च्या फेब्रुवारीत फीडबॅक आला: पैसे बुडवले की नावापुढे उणे गुण, तेही सगळ्यांना दिसणारे. कोड साधा, धाक मोठा. (वाण्याची उधारीची वही चौकात टांगल्यासारखं.) पण ग्राहकानं वाईट शेरा दिला की विक्रेतेही सूड म्हणून उलटा शेरा मारायला लागले. म्हणून २००८ मध्ये विक्रेत्यांचा तो हक्कच काढला. मला हे आजही पटत नाही. प्रामाणिक विक्रेत्याकडे उरली ती फक्त ‘पैसे आले नाहीत’ ही तक्रार.

मी शेवटी दुसऱ्या नंबरच्या बोलीवाल्याला फोन केला. २०० रुपये कमी मिळाले, पण खात्यात जमा झाल्यावरच लेन्स कुरियर केली.