मस्तकाच्या तळाची डागडुजी

खालीं वाकलें असतां एखाद्याच्या एकाच नाकपुडींतून निवळ पाणी टपटप गळूं लागलें, तर घरांतील मंडळी त्यास पडसें समजतात. परंतु पडशाचा रुमाल वाळला म्हणजे कडक होतो. या पाण्यानें भिजलेला रुमाल मात्र वाळूनही मऊच राहतो. जुने डॉक्टर एवढ्याशा खुणेवरून सावध होत. कारण तें पाणी नाकाचें नसून मेंदूभोंवतीचें असण्याचा संभव असे. १८९९ सालीं लंडनच्या सेंट क्लेअर टॉमसन यांनीं या विकारावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें.

मेंदू व पृष्ठरज्जू यांच्याभोंवतीं सुमारें १५० घन सेंटिमीटर द्रव असतो, आणि शरीर दिवसाकाठीं सुमारें ५०० घन सेंटिमीटर नवा द्रव निर्माण करीत असतें. नाकावरील कवटीचा तळ कांहीं ठिकाणीं कागदासारखा पातळ आहे. त्यावर ड्युरा नांवाचें चिवट आवरण पसरलेलें असतें. अपघातानें किंवा गांठ काढतांना या दोहोंस भोंक पडलें कीं पाणी खालीं गळतें. पाणी गेलें तर शरीर भरून काढील. पण ज्या वाटेनें पाणी बाहेर येतें, त्याच वाटेनें नाकांतील जंतु आंत जातात आणि मेंदूच्या आवरणाचा दाह होतो. प्रतिजैविकांपूर्वींच्या काळांत त्यांतून वांचणारा विरळाच. म्हणून भोंक बुजवणें अवश्य. प्रश्न एवढाच, कीं ठिगळ कशाचें लावावें?

१९२६ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी यांनीं कपाळाचें हाड उघडून, मेंदू हळूच वर उचलून, अशा भोंकावर रोग्याच्याच मांडीच्या स्नायूंवरील पांढरें आवरण बसविलें. ठिगळ आंतून लावण्यांत मोठी सोय असते. रांजणाला चीर पडली तर बाहेरून लावलेलें डांबर पाण्याच्या दाबानें सुटूं पाहतें, आंतून लावलेलें अधिकच चिकटून बसतें. मात्र या वाटेनें जातांना वासाचे तंतु तुटून घ्राणशक्ति जाण्याचें भय असे. शिवाय मांडींतून तोडून आणलेला तुकडा रक्तप्रवाहापासून सुटलेला असतो. कडेकडेनें नव्या रक्तवाहिन्या त्यांत शिरतील तेव्हां तो जगणार. भोंक लहान असेल तर हें सहज घडतें. मोठें असेल तर मधला भाग उपाशी राहतो.

रक्ताशीं नातें न तोडतां ठिगळ लावण्याची कल्पना मात्र जुनी आहे, आणि तिचा एक नामांकित दाखला आपल्या पुण्याजवळचा आहे. ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकांत कावसजी नांवाच्या एका मराठा गाडीवानाची हकीकत छापून आली. १७९२ च्या युद्धांत तो इंग्रजांच्या फौजेंत बैल हांकीत असतां टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आला. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्यास नवें नाक करून दिलें. मेणाचा नमुना कपाळावर ठेवून त्यानें तेवढी कातडी सोडविली, पण दोन डोळ्यांमधली एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. मग ती कातडी खालीं वळवून नाकाच्या जागीं बसविली. सांधा धरून ठेवण्यासाठीं काथ पाण्यांत कालवून कापडाच्या चिंध्यांवर पसरला व त्या एकावर एक लावल्या. काथाचें काम चार दिवसांचें. ती जोडपट्टी मात्र सुमारें पंचविसाव्या दिवशीं कापली. कोंकणांत आंब्याचें भेटकलम बांधतांना अगदीं हेंच करतात. मातृवृक्षाची फांदी तोडीत नाहींत. रोप तिच्याशीं बांधतात, आणि जोड एकजीव झाल्यावरच तिला आईपासून वेगळी करतात.

आपल्याकडे सर्व कांहीं आधींच होतें असें म्हणण्याची मला हौस नाहीं. त्या कारागिरास मेंदूच्या आवरणाची वार्ता नव्हती. परंतु जिवंत ठिगळ मुख्य आणि डिंक त्याचा चाकर, ही पायरी त्यानें नेमकी ओळखली होती. पुढील काळांत ती अनेकदां विसरली गेली.

त्या विसराचें फार महाग उदाहरण असें. १९६९ पासून जर्मनींत तयार झालेला ‘लायोड्यूरा’ बाजारांत आला. हा मृतांच्या मस्तकांतून काढून, शुद्ध करून वाळविलेला ड्युरा होय. डबी उघडावी आणि तुकडा लावावा; मांडीवर दुसरी जखम नको. शस्त्रवैद्यांस तो आवडला यांत नवल नाहीं. १९८७ सालीं अमेरिकेंतून एका तरुण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. अशा ठिगळानंतर तिला क्रॉइट्सफेल्ट-याकोब नांवाचा, मेंदू पोखरणारा असाध्य रोग जडला होता. एका मृताचें विष किरणांच्या शुद्धीकरणांतूनही टिकून राहिलें होतें. एकट्या जपानांत असे १४० हून अधिक रोगी पुढें आढळले. कित्येकांत रोग दहा-वीस वर्षांनीं प्रकट झाला. जपाननें १९९७ सालीं त्याचा वापर बंद केला.

डिंकांची कथा इतकी दुःखद नाहीं. रक्त गोठविणारीं दोन द्रव्यें एकत्र करून फायब्रिनचा डिंक होतो. मानवी रक्तांतून कावीळ पसरण्याच्या भयानें अमेरिकेंत तशा तयार डिंकास १९९८ सालींच परवानगी मिळाली. २००५ सालीं रसायनांपासून केलेला, ओलसर जेलीसारखा डिंक आला. तो ओलाव्यानें फुगतो, म्हणून अडचणीच्या जागीं जपून वापरावा लागतो. हे डिंक ठिगळाच्या कडा कांहीं दिवस धरून ठेवतात. ठिगळाची उणीव ते भरून काढूं शकत नाहींत.

दरम्यान वाटच बदलली होती. १९४८ सालीं स्वीडनच्या डोलमान यांनीं कवटी न उघडतां, नाकाच्या आंतील अस्तर वळवून भोंक बुजविलें. १९८१ पासून दुर्बिणीनें नाकपुडींतूनच काम होऊं लागलें. २००० सालच्या एका आढाव्यांत २८९ गळतींपैकीं सुमारें ९० टक्के पहिल्याच प्रयत्नांत बंद झालेल्या दिसतात, आणि तेंही ठिगळाचें साहित्य निरनिराळें असूनही. मग नाकावाटे मोठ्या गांठी काढण्याचें धाडस सुरू झालें. भोंकें मोठीं झालीं आणि ठिगळें हार खाऊं लागलीं.

उत्तर अर्जेंटिनांतील रोझारिओ शहरांतून आलें. हदाद व बासागास्तेगी यांनीं नाकाच्या मधल्या पडद्यावरील अस्तर सोडवून, मागील बाजूची धमनी तशीच ठेवून, तें भोंकावर पसरलें. हें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. तें आधींच सोडवून घशाच्या वरच्या भागांत सारून ठेवतात आणि गांठ निघाल्यावर वर आणतात. खालच्या हाडावरील जुनें अस्तर मात्र खरडून काढावें लागतें, नाहींतर आंत श्लेष्मा सांचतो. २०१२ सालीं ६०९ रोग्यांचा हिशेब मांडण्यांत आला. मोठ्या भोंकांवर सुटें ठिगळ लावलेल्यांपैकीं १५.६ टक्क्यांस पुन्हां गळती लागली. रक्तवाहिनीसह वळविलेल्या ठिगळांत हें प्रमाण ६.७ टक्के होतें.

हें ठिगळही फुकट मिळत नाहीं. पडद्याची जी बाजू उघडी पडते तिच्यावर कित्येक आठवडे खपल्या धरतात, आणि रोग्यास मिठाच्या पाण्यानें नाक धूत राहावें लागतें. कावसजीची जोडपट्टी पंचविसाव्या दिवशीं कापावी लागली. ही धमनी कधींच कापीत नाहींत.